'आलोच' आणि 'ऑल-इन': टेबलावरचा त्रिकोण नेमका कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाणेरच्या एका सोसायटीत दर शनिवारी रात्री नऊ-दहा जण क्लबहाउसमध्ये पोकर खेळतात. पैसे लावत नाहीत, सगळ्यांना सारख्या चिप्स वाटून छोटी स्पर्धा करतात आणि शेवटून पहिला येईल तो रविवारी सकाळी सगळ्यांसाठी चहा-क्रीमरोल आणतो. गेल्या शनिवारी टर्नचा, म्हणजे टेबलाच्या मध्ये उघडायचा चौथा, पत्ता उघडल्यावर डावात तिघे उरले होते. पाचव्या खुर्चीवरच्या गृहस्थांची पाळी आली आणि नेमका त्यांचा फोन वाजला. ते उठता उठता 'आलोच' म्हणाले. सहाव्या खुर्चीवरच्याने ऐकलं 'ऑल-इन', म्हणजे 'माझ्या सगळ्या चिप्स लावल्या'. त्याने 'कॉल', म्हणजे 'मीही तेवढंच लावतो', म्हणून आपला अख्खा ढीग पुढे लोटला. आठव्याने ते पाहून पत्ते टाकले. गृहस्थ फोन संपवून परत आले तेव्हा टेबलावर भांडण पेटलं होतं. तर, बाहेर मोठ्या स्पर्धांत डीलर जो 'ऑल-इन' लिहिलेला त्रिकोण ठेवतो तो आणला तर हे थांबेल का, आणि तो वापरायचा कसा?

आधी त्या डावाचा निकाल सांगतो, कारण तुमच्या गटात तो अजून लागलेला नसणार. 'आलोच' ही खेळी नव्हती. म्हणजे पाचव्याची पाळी शिल्लकच होती आणि पुढच्या दोघांनी पाळी सोडून खेळी केली. पाचव्याने परत येऊन चेक केलं, म्हणजे काहीच न लावता पाळी पुढे दिली, तर सहाव्याचा 'कॉल' हा शून्याला दिलेला कॉल ठरतो, म्हणजे चेकच. त्याच्या चिप्स त्याला परत. पाचव्याने बेट केली, म्हणजे चिप्स लावल्या, तर परिस्थितीच बदलली. सहाव्याने मोकळेपणाने नव्याने ठरवावं. आठव्याचं दुखणं खरं आहे. कडक स्पर्धेत पाळी सोडून केलेला फोल्डही (पत्ते टाकणंही) फोल्डच असतो. पण तुमचा खेळ क्रीमरोलचा आहे. त्याचे पत्ते वेगळे ओळखू येत असते तर मी परत दिले असते. टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात मिसळले असतील तर कोणाचाच इलाज नाही.

आता त्रिकोण. मी आधी डीलर म्हणून आणि नंतर स्पर्धांमध्ये फ्लोअरवर, म्हणजे टेबलावरचे तंटे सोडवायला उभा राहणारा माणूस म्हणून, बरीच वर्षं काढली. सुरुवात मात्र पेठेतल्या गणपतीच्या मांडवात, रात्रीच्या राखणीला रमी आणि पाच-तीन-दोन वाटत झाली. त्या अनुभवावरून सांगतो, की बहुतेक लोकांना या त्रिकोणाचा उपयोग उलटा समजलेला असतो. त्यांना वाटतं, खेळाडूने 'मी सगळं लावलं' हे सांगण्यासाठी तो आहे. तसं नाही. खेळाडू ते तोंडाने सांगतो किंवा ढीग पुढे सरकवून सांगतो. 'हे मी ऐकलं, पाहिलं, खात्री केली आणि आता ते पक्कं झालं' हे डीलरने टेबलाला सांगायचं असतं, आणि त्यासाठी त्रिकोण असतो. ती डीलरची मोहर आहे. म्हणून पहिला नियम: त्रिकोण डीलरच्या ताब्यात राहतात, खेळाडूंच्या नाही. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन ही 2001 साली सुरू झालेली संघटना स्पर्धांचे सर्वमान्य नियम ठरवते. तिच्या नियमावलीतही हेच सुचवलं आहे: त्रिकोण किंवा बटण डीलरकडे असावं आणि खेळाडू ऑल-इन झाला की डीलरने ते त्याच्यासमोर दिसेल असं ठेवावं.

काही ठिकाणी प्रत्येक खेळाडूला एकेक त्रिकोण देऊन ठेवतात आणि तो पुढे फेकला की ऑल-इन धरतात. मला ही पद्धत अजिबात आवडत नाही. माणसाच्या हाताला चाळा लागतो. मग तो त्रिकोण बोटांत फिरतो, पत्त्यांवर वजन म्हणून बसतो, चहाचा कप उचलताना कोपराने पुढे सरकतो. आणि एखादा बेरकी असतो, तो त्रिकोण अर्धवट पुढे नेतो, समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते पाहतो आणि मागे घेतो. विचारलं तर, 'छे हो, मी तर खेळत होतो त्याच्याशी.' गैरसमज कमी करायला आणलेली वस्तू नवा गैरसमज तयार करते.

डीलरने करायचं ते असं. खेळाडू 'ऑल-इन' म्हणाला, किंवा काहीच न बोलता ढीग पुढे लोटला. शब्द स्पष्ट नसेल तर डीलरने त्याच्याकडे बघून विचारायचं, 'ऑल-इन?' होकार आला की मोठ्याने, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणायचं, 'पाचवी खुर्ची, ऑल-इन', आणि त्याच वेळी त्रिकोण ठेवायचा. पुढच्याने त्याआधी हात हलवायचा नाही. एवढी सवय लागली तर तुमच्या 'आलोच'चा प्रश्नच उरत नाही, कारण गृहस्थ दारापाशी पोचलेले असतील, त्यांच्या खुर्चीसमोर त्रिकोण नसेल आणि सहाव्याला थांबावंच लागेल. 'कॉल' आणि 'ऑल-इन' ही जोडीही कानाला फसवणारी आहे. पंखा गरगरत असेल आणि कोपऱ्यात क्रिकेट लागलं असेल तर दोन्हींतला 'ऑल' तेवढा ऐकू येतो.

ठेवायचा कुठे, हे वरवर क्षुल्लक वाटतं, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्रिकोण चिप्सवर ठेवू नका. तो खेळाडूच्या पत्त्यांपाशी, पत्ते आणि पुढे लावलेल्या चिप्स यांच्या मध्ये ठेवा. कारण फेरी संपली की चिप्स पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ओढल्या जातात. मग त्या माणसासमोर काय उरतं? दोन उपडे पत्ते आणि रिकामं कापड. दुरून बघणाऱ्याला तो डावातून गेलेल्या माणसासारखाच दिसतो. तो अजून डावात आहे हे तिथे फक्त त्रिकोण सांगतो.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. पणजीत मांडवीवरच्या एका जहाजावर डीलर म्हणून उभा राहून मला जेमतेम काही महिने झाले होते. पहिल्या खुर्चीवर, म्हणजे माझ्या अगदी डाव्या कोपराशी, एक वयस्कर गृहस्थ फ्लॉपवर, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते उघडल्यावर, ऑल-इन झाले. दोघांनी कॉल केलं. मी चिप्स ओढल्या, साइड पॉट, म्हणजे ऑल-इन माणसाचा हक्क नसलेला बाकीच्यांचा वेगळा ढीग, मांडला, टर्न उघडला. त्या दोघांतल्या एकाने बेट केली, दुसऱ्याने पत्ते टाकले. मी ते उचलले आणि त्याच झटक्यात डाव्या कोपरापाशी पडलेले, ज्यांच्यासमोर एकही चिप नव्हती असे दोन पत्तेही उचलून ढिगात घातले. गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्याकडे कुठले पत्ते होते हे शंभर टक्के सिद्ध करता येईना. नियम असा, की आपल्या पत्त्यांची राखण ज्याची त्याने करायची. डीलरच्या चुकीने पत्ते गेले आणि ते नक्की ओळखता आले नाहीत, तर भरपाई नाही. मॅनेजरने तेच सांगितलं. चूक सर्वस्वी माझी होती. त्रिकोण त्या दिवशी माझ्या ट्रेमध्येच पडून होता, 'एकच तर माणूस ऑल-इन आहे, लक्षात राहील' म्हणून काढला नव्हता. आजही डीलरच्या लगतच्या दोन खुर्च्यांवर कोणी ऑल-इन झालं, की माझा हात आधी त्रिकोणाकडे जातो.

आता त्रिकोण काय सांगत नाही ते पाहू, कारण घरगुती टेबलांवर खरी भांडणं इथे होतात.

तो रक्कम सांगत नाही. समोर त्रिकोण आहे म्हणजे माणसाने सगळं लावलं, पण 'सगळं' म्हणजे 900 की 9,000, ते बघणं कॉल करणाऱ्याचं काम. नियमावली याबाबत कठोर आहे: कोणी काहीही आकडा बोललं तरी कॉल करण्याआधी नेमकी रक्कम जाणून घ्यायची जबाबदारी कॉल करणाऱ्याची. ज्याच्यावर निर्णय आहे त्याने विचारलं तरच डीलरने चिप्स मोजायच्या, आपणहून नाही. आपणहून मोजून मोठ्याने आकडा सांगणं ही मदत वाटते, पण त्यामुळे विचार करणाऱ्याला नको असलेली माहिती बाकीच्यांनाही मिळते. मोठ्या किमतीच्या चिप्स नेहमी पुढे, दिसतील अशा ठेवायला लावा. बाहीखाली लपलेली 1,000 ची चिप कॉल झाल्यावर सापडली, तर त्या चिपवर त्याला जिंकता येईलच असं नाही. पण हरला, तर त्या चिपेमुळे वाचणार नाही.

दुसरी गोष्ट, बेटिंग पुन्हा उघडली का, म्हणजे आधी खेळून बसलेल्यांना पुन्हा वाढवता येतं का, हेही तो सांगत नाही. हा मुद्दा नीट समजून घ्या. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमा, 100 आणि 200 आहेत. पहिल्याने 600 केले, म्हणजे 400 ची वाढ. दुसऱ्याने 600 कॉल केले. तिसऱ्याकडे फक्त 850 आहेत, त्याने सगळे लावले. त्रिकोण पडला. पहिल्याला वाटतं, वा, आता मी पुन्हा वाढवू शकतो. नाही वाढवू शकत. तिसऱ्याची वाढ 250 ची, पूर्ण 400 ची नाही. त्यामुळे जे आधी खेळून बसलेत त्यांना 250 भरायचे किंवा पत्ते टाकायचे, एवढंच. ज्याची पाळी अजून आलीच नव्हती तो मात्र वाढवू शकतो, कमीत कमी 1,250 पर्यंत. आता समजा तिसऱ्यानंतर चौथ्यानेही 1,100 मध्ये ऑल-इन केलं. पहिल्यापाशी पाळी आली तेव्हा त्याच्यासमोर 600 वरून 1,100 म्हणजे 500 चा फरक आहे, तो 400 पेक्षा जास्त आहे, तर आता बेटिंग त्याच्यासाठी खरंच उघडली. दोन अर्धवट वाढी मिळून एक पूर्ण वाढ झाली. टेबलावर दोन्ही वेळा दिसतो त्रिकोणच. हा हिशोब डीलरच्या डोक्यातच राहायला हवा.

ऑनलाइन खेळून आलेल्यांना हे सगळं जड जातं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. स्क्रीनवर खेळाडूच्या नावाखाली 'ऑल-इन' आपोआप उमटायचं, वाढवायचा अधिकार नसेल तर बटणच दिसायचं नाही, साइड पॉट सॉफ्टवेअर वेगळे करून ठेवायचं. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने कायद्याने बंदी आणली. त्यानंतर हिंजवडीकडची बरीच मंडळी मला खऱ्या टेबलाभोवती दिसू लागली आहेत. गणित माझ्याहून पक्कं, पण पाळी कोणाची आहे याचं भान कच्चं. (जाता जाता: तुम्ही पैसे लावत नाही ते तसंच राहू द्या. 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि क्लबहाउसच्या दारावर पोलीस आल्यावर 'हा कौशल्याचा खेळ आहे' यावर व्याख्यान देण्याची वेळ कोणावरही येऊ नये. गोव्यातला पास इथे चालत नाही.)

साइड पॉट हा त्रिकोणाचा खरा दरबार. एकच उदाहरण पूर्ण सोडवतो. ब्लाइंड तेच, 100 आणि 200, आणि ते लावणाऱ्या दोघांनी पत्ते टाकलेत, म्हणजे 300 आधीच मध्ये पडलेत. अण्णा 1,400 मध्ये ऑल-इन. बंडू 3,200 मध्ये. चारू 5,000 मध्ये. दिनूकडे 9,000 आहेत आणि त्याने 5,000 कॉल केले. तीन त्रिकोण पडतील, अण्णा, बंडू आणि चारूसमोर. दिनूसमोर नाही, त्याच्याकडे 4,000 मागे आहेत. आता सगळ्यात लहान ढिगापासून सुरुवात. चौघांकडून 1,400 घ्या, झाले 5,600, त्यात मेलेले 300 घाला: मुख्य पॉट 5,900. उरलेल्या तिघांकडून प्रत्येकी 1,800, कारण बंडूचे 3,200 वजा 1,400 तेवढेच: पहिला साइड पॉट 5,400. राहिले चारू आणि दिनू, प्रत्येकी 1,800: दुसरा साइड पॉट 3,600. एकूण 14,900. डीलरने हा शेवटचा आकडा नेहमी मनात पडताळावा; पुढे आलेल्या सगळ्या चिप्सची बेरीज आणि पॉटची बेरीज जुळली नाही, तर पुढचा पत्ता उघडू नये.

घरच्या टेबलासाठी माझी एक युक्ती आहे, मोठ्या स्पर्धेत कोणी करत नाही. ल्युडोच्या सोंगट्या घ्या. मुख्य पॉटवर लाल सोंगटी आणि अण्णाच्या त्रिकोणावरही लाल. पहिल्या साइड पॉटवर हिरवी, बंडूच्या त्रिकोणावर हिरवी. दुसऱ्यावर पिवळी, चारूच्या त्रिकोणावर पिवळी. ज्याच्या त्रिकोणावर जो रंग, त्या पॉटपर्यंतच त्याचा हक्क. पत्ते उघडताना मागून पुढे या: आधी पिवळा, मग हिरवा, शेवटी लाल. समजा अण्णाचे पत्ते सगळ्यांत भारी, त्याखालोखाल चारूचे. मग पिवळे 3,600 चारूचे, हिरवे 5,400 ही चारूचेच, आणि लाल 5,900 अण्णाचे. बंडू आणि दिनूला काही नाही. 'अण्णा जिंकला ना, मग सगळं त्याचं' असं म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक टेबलावर असतो. त्याला सोंगटी दाखवायची, वाद घालायचा नाही.

त्रिकोण उचलण्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. मोठ्या ढिगाच्या माणसाने ऑल-इन केलं आणि लहान ढिगाच्याने कॉल केलं, तर त्रिकोण आधी मोठ्यासमोर पडलेला असतो. कॉल झाल्यावर लहानासमोर दुसरा ठेवा, मोठ्याच्या जादा चिप्स त्याला परत करा आणि त्याच्यासमोरचा उचला. तो आता ऑल-इन नाही. आणि डाव संपला की आधी सगळे त्रिकोण गोळा, मगच पॉट जिंकणाऱ्याकडे सरकवायचा. पॉट हलला की टेबलावर गप्पा सुरू होतात, डीलर पत्ते पिसायला लागतो आणि त्रिकोण तिथेच राहतो. पुढच्या डावात समोर त्रिकोण असलेल्या माणसाने नुसतं 400 चं रेझ (वाढ) केलं, की पलीकडचा घाबरून पत्ते टाकतो. एका स्पर्धेत मला यावरून वीस मिनिटं खेळ थांबवावा लागला होता.

तुमच्याकडे नेमलेला डीलर नाही, वाटणी फिरते, असं धरून चालतो. मग पत्ते ज्याच्या हातात, त्रिकोण त्याच्याकडे. पत्त्यांचा जोड पुढे गेला की त्रिकोणही पुढे. याहून बरा मार्ग म्हणजे जो पहिला बाद होईल त्याला उरलेली रात्र डीलर करा. तो स्वतः डावात नसल्याने त्याचं लक्ष पाळीवर राहतं, आणि तो लवकर घरी जाऊन झोपणारही नाही. ऑल-इन आणि कॉल झाल्यावर, आणखी बेटिंग शिल्लक नसेल तर, दोघांचे पत्ते लगेच उताणे करायला लावा. स्पर्धेत तसाच नियम आहे आणि घरी तर त्यातच मजा आहे.

वस्तू कशी असावी? आमच्या जुन्या कट्ट्यावर कॅरमची लाल राणी वापरायचो. ती एकच, आणि गोल. गोल वस्तू चिप्सच्या ढिगात हरवते, एकदा तर एकाने ती पॉटमध्ये मोजलीसुद्धा होती. म्हणून त्रिकोण. पुठ्ठ्याचा करू नका, पंख्याच्या वाऱ्याने उडतो. तंबूसारखा उभाही नको, सारखा पडतो आणि पलीकडचे पत्ते झाकतो. नेमप्लेट करणाऱ्याकडून जाड ॲक्रिलिकचे, साधारण तीन इंच बाजूचे, दोन्ही बाजूंनी अक्षरं असलेले तुकडे कापून घ्या. तुमचं कापड हिरवं असेल तर पिवळे करा; लाल नको, बहुतेक संचांत लाल चिप्स असतातच. एका टेबलावर एका डावात तीनहून जास्त ऑल-इन क्वचितच होतात, तेव्हा चार पुरतात. तरी सहा करून घ्या, दोन सोफ्याच्या फटीत जाणार.